तायक्वांदोतल्या मुलीचं करिअर : पदकांआधी बाउट मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, वजन ३८ किलो. परभणी जिल्ह्यातल्या सेलूत दोन वर्षं तायक्वांदो शिकतेय. यंदा शालेय स्पर्धेत जिल्ह्याला सुवर्ण, विभागाला सुवर्ण, आणि राज्याला पहिल्याच बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, एकतर्फी हार. सर म्हणतात, पुढच्या वर्षी वजन उतरवून खालच्या गटात घालू, पदक नक्की. घरातले म्हणतात, नववी लागली की बंद करा. तुम्ही अंगणवाडी सेविका, घरी कोरडवाहू शेती. तेव्हा यात पुढं काय आहे, किती खर्च करावा आणि थांबवायचं तर केव्हा, हे तुम्हाला हवंय. मी विद्यापीठाकडून आणि राज्याकडून फाईट खेळले, आता बरीच वर्षं नांदेडला मुलींना शिकवते. जे रोज बघते तेच लिहिते.

आधी मुलीला शेजारी बसवून एवढंच विचारा : जिल्हा आणि विभाग धरून तू खरोखर किती बाउट खेळलीस? सुवर्ण किती ते नका विचारू. आपल्याकडं एकेका वजनगटात दोन-तीन मुली आल्या तरी खूप. एकीला बाय मिळतो, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, एकीची समोरची वजनातच बसत नाही, एकीची आलेलीच नसते. परभणी, हिंगोली, जालना, कुठंही जा, हेच चित्र. मुलगी एक बाउट खेळून, कधी तर एकही न खेळता, जिल्हाविजेती होते. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या मुलीला त्याच गटात जिल्ह्यातून बाहेर पडायलाच चार-चार बाउट काढावे लागतात. राज्याला तुमची लेक आणि ती मुलगी समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा दोघींच्या गळ्यात विभागाचं सुवर्णच होतं. फरक अंगात मुरलेल्या बाउटचा होता. मराठवाड्यातल्या पोरींना ताकद कमी नाही, चिकाटी तर मुळीच कमी नाही. कमी आहेत त्या समोर उभ्या राहणाऱ्या पोरी. त्यांच्या करिअरची बाकीची दुखणी बहुतेक इथूनच सुरू होतात, म्हणून मी सगळं उत्तर याच एका खुंटीला टांगणार आहे.

ती एकतर्फी हार कशी झाली असेल, हे मी न बघता सांगू शकते. आपल्या क्लबात पोरी पॅडवर किक मारून मारून तयार होतात. मागच्या पायाची दोल्यो चागी, म्हणजे पाय कडेनं आणून मारलेली किक, जोरदार बसते, आवाज येतो, सर खूश. पण पॅड कधी पुढचा पाय उचलून आपल्याला अडवत नाही. राज्याला समोरच्या मुलीनं पुढचा पाय वर धरला असेल आणि आपली आत शिरली की कट किक देऊन तिथंच थोपवली असेल. दोन-तीन वेळा असं झालं की आपली पोरगी गोंधळते, अंगावर जाऊन मिठी मारल्यासारखी चिकटते, आणि त्या जवळच्या अंतरावरून समोरचीचा पाय डोक्यावर येतो. तीन गुण. मग घाबरून मागं सरते, रेषेबाहेर पाय पडतो, गाम-जॉम लागतो, म्हणजे आणखी एक गुण समोरचीला. धडावर साधी किक दोन गुणांची, डोक्यावर तीन. फिरून मारलेली धडावर चार आणि डोक्यावर पाच. बुक्क्याला एक. हे गणित पोरींना पाठ असतं, पण ते अंगात उतरायला समोर हलणारं, फसवणारं, उलट मारणारं माणूस लागतं.

एक गोष्ट तुमच्या मुलीच्या बाजूनं आहे. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत तीनपैकी दोन राउंड जिंकायची पद्धत आली. आधी तिन्ही राउंडचे गुण एकत्र धरत, त्यामुळं पहिल्या दोन मिनिटांत पंधरा गुणांनी मागं पडलेली मुलगी संपलीच. आता दुसरा राउंड शून्यापासून सुरू होतो. उशिरा तापणाऱ्या, पण समोरचीला वाचायला शिकलेल्या मुलीला यात जागा आहे. वाचायला मात्र सवय लागते.

मग बाउट आणायचे कुठून? दर महिन्याला पुण्याला जाणं तुम्हाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना ही सगळी गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. या पट्ट्यातल्या तीन-चार क्लबांनी महिन्यातून दोन रविवार एकत्र यायचं ठरवलं तर प्रत्येक पोरीला सकाळभरात पाच-सहा वेगवेगळ्या मुलींशी खेळता येतं. पंच नको, पदक नको, भाषण नको. मॅट, घड्याळ आणि दोन शिक्षक पुरे. आम्ही नांदेडला असंच केलं आणि देगलूरकडच्या पोरींना निजामाबादच्या पोरींशी खेळायला पाठवलं. तेलंगणातल्या मुली वेगळ्या तऱ्हेनं खेळतात, तेवढ्यानंही डोळे उघडतात. उदगीरवाल्यांना बीदर जवळ. यात अडचण पैशाची कमी आणि मानाची जास्त. एका सरांचा क्लब दुसऱ्या सरांच्या दारात जात नाही, कारण पोरगी तिकडंच राहील ही भीती. हे मोडायचं काम पालकांचं आहे. चार आया मिळून सरांकडं गेल्या की सर ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मुलगे आहेत की क्लबात, त्यांच्याशी खेळव, असं काहीजण म्हणतील. तेरा-चौदापर्यंत खेळावंच, सारख्या वजनाच्या मुलांशी. उलट मुलांशी खेळलेली पोर जास्त चलाख होते. पंधराच्या पुढं मुलांच्या किकेत जोर वाढतो. तेव्हा ठरवून हलक्या हातानं, एकानं फक्त हल्ला आणि दुसऱ्यानं फक्त बचाव, असं खेळवायचं.

एक साधी वही घाला. प्रत्येक बाउटनंतर मुलीनं स्वतःच्या हातानं लिहावं : समोरची उंच की बुटकी, कोणता पाय पुढं ठेवत होती, मला गुण कशावर मिळाले, माझ्यावर कशावर गेले. सहा महिन्यांनी ती वही वाचली की शिक्षकालाही कळतं काय शिकवायचं. मी नवीन मुलगी घेताना प्रमाणपत्रांची फाईल बघत नाही, अशी वही आहे का विचारते. बहुतेकींकडं नसते, ते सोडा.

आता वजन. इथं माझं तुमच्या सरांशी अजिबात जमणार नाही. तेरा वर्षांच्या, अजून उंची वाढणाऱ्या मुलीचं वजन उतरवायचं नाही. विषय संपला. सर वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. क्लबच्या बोर्डावर पदकांचा आकडा लागतो, त्यावर पुढचे प्रवेश होतात, हे त्यांचं पोट आहे. पण खालच्या गटात पदक ‘नक्की’ का असतं? तिथं मुलीच नसतात म्हणून. म्हणजे उपाशी राहून पुन्हा बिनबाउटचं सुवर्ण.

पुढचा रस्ता बघितला तर हे आणखी स्पष्ट होतं. पंधरा ते सतरा वयाच्या ज्युनिअर गटात मुलींची वजनं ४२ किलोखालून सुरू होतात : ४४, ४६, ४९, ५२, ५५, ५९, ६३, ६८ आणि त्यावर. सीनिअरला सगळ्यात खालचा गटच ४६ किलोचा. ऑलिंपिकमध्ये तर बायकांचे चारच गट, ४९, ५७, ६७ आणि ६७ वर. आज ३८ किलो असलेली पोर नीट वाढली तर सतराव्या वर्षी ४९ किंवा ५२त खेळेल, आणि तिथं तिला उंची लागेल. थायलंडची पानिपाक वोंगपट्टनाकिट घ्या. ४९ किलोत रिओला कांस्य, टोकियोला सुवर्ण, पॅरिसला पुन्हा सुवर्ण. तिची उंची १७० सेंटीमीटरच्या वर आहे. एवढ्या वजनात एवढी उंची म्हणजे पुढचा पाय उचलला की समोरचीला आत यायची वाटच नाही. उंची आपल्या हातात नाही, मान्य. पण वाढीच्या वयात जेवण तोडून ती खुंटवणं आपल्या हातात आहे आणि ते आपण करतो. प्लास्टिकचा सूट घालून मे महिन्याच्या उन्हात पळवणं, थुंकायला लावणं, आदल्या दिवशी पाणी बंद, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२ वर असताना पाणी बंद ठेवणं जिवावर बेतू शकतं. कोणी गोळी किंवा चूर्ण देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेल्या यादीत आहेत, आणि डब्यावर आयुर्वेदिक लिहिलंय म्हणून आत काय आहे याची खात्री कोणी देत नाही. अठराच्या पुढं, पूर्ण वाढ झाल्यावर, आहारतज्ज्ञाला विचारून महिनाभरात एखाद-दुसरा किलो इकडंतिकडं करता येतो. तोवर पोर वाढेल तशी वाढू द्या आणि जो गट येईल त्यात खेळवा.

वजनापेक्षा मला तिच्या रक्ताची काळजी जास्त आहे. मुलगी दुसऱ्या राउंडला गळते, पाय जड होतात, सर म्हणतात स्टॅमिना नाही, अजून पळव. तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ-दहा. या वयाच्या मुलीचं ते १२च्या खाली नको. सेलूच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते, वर्षातून दोनदा करा. दर आठवड्याची लोहाची निळी गोळी आणि जंतनाशक यांचं महत्त्व अंगणवाडीत तुम्हीच दुसऱ्यांना सांगत असाल, ती घरच्या पोरीच्या पोटात जाते का ते बघा. शाळेत मिळते आणि दप्तरातच राहते, असं फार होतं. खाण्यासाठी बाहेरची प्रोटीन पावडर नको. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ, पालेभाजीवर लिंबू, जमत असेल तर रोज दोन अंडी, एक ग्लास दूध. जेवणाबरोबर चहा मात्र बंद करा, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सरावानंतर अर्ध्या-एक तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे. बस लागते म्हणून दोन तास उपाशी राहणाऱ्या पोरी असतात, त्यांच्या पिशवीत आदल्या रात्रीची दशमी ठेवा.

पाळी सुरू झाली असेल तर तारखा त्याच वहीत मागच्या पानावर लिहायच्या. तीन महिने पाळी चुकली आणि सराव जोरात असेल तर ते कमी खाल्ल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरला दाखवायचं. ‘खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं’ हे ऐकायचं नाही. पांढऱ्या दोबोकची, म्हणजे खेळायच्या पोशाखाची, धास्ती प्रत्येकीला असते, मलाही होती. आत गडद रंगाची घट्ट हाफ पँट घातली की निम्मी भीती जाते. त्या दिवसांत खेळायला बंदी नाही. खेळायचं का नाही ते पोरीनं ठरवावं. आणि सर पुरुष असतील तर हे बोलायला टीमसोबत एक बाई हवीच, त्याबद्दल पुढं लिहिते.

दुखापतींत घोटा आणि पायाचा पंजा रोजचे. गुडघ्याचं तसं नाही. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. तो तुटला की बहुतेकदा शस्त्रक्रिया आणि वर्ष वाया. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, हे सरांना बघायला सांगा. वळत असतील तर आधी एका पायावर उतरण्याचे, मांडीच्या मागच्या बाजूचे आणि कमरेचे व्यायाम, मग फिरत्या किक. फरशीवर, शाळेच्या व्हरांड्यात फिरत्या किक मारायच्याच नाहीत, मॅट पाहिजे. डोक्याला किक बसून पोर खाली पडली, भोवळ आली, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. डोक्याच्या फटक्यानं नॉकआउट झालेल्याला आंतरराष्ट्रीय नियमांत किमान ३० दिवस स्पर्धा बंद आहे. दुसऱ्या दिवशी आणखी एक स्पर्धा आहे म्हणून कोणी घाई करत असेल तर हाच नियम दाखवा.

साहित्याचं एका दमात सांगते. हेड गार्ड, चेस्ट गार्ड, हाताचे-पायाचे गार्ड, ग्लोव्हज, माउथ गार्ड, आणि मुलींसाठीसुद्धा ग्रोइन गार्ड. माउथ गार्ड आणि ग्रोइन गार्ड दुसऱ्याचे वापरायचे नाहीत, बाकी क्लबचे चालतात. वरच्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आणि सेन्सरचे मोजे असतात. किक नुसती लागून भागत नाही, मोज्यातला सेन्सर योग्य जागी आणि ठरलेल्या जोरानं बसला तरच गुण पडतो. आपल्याकडच्या पोरी राज्याला गेल्यावर पहिल्यांदा ते अंगावर चढवतात आणि ‘माझी किक लागली, गुणच पडला नाही’ म्हणून रडत बाहेर येतात. असा संच एकट्या क्लबला परवडत नाही. पण चार क्लब एकत्र येणार असतील तर तो भाड्यानं आणता येतो, स्पर्धेआधी दोन रविवार पुरतात.

दहावीबद्दल. थांबवू नका, कमी करा. आठवड्यात तीन दिवस, पाऊण तास : दोरी, स्ट्रेचिंग, थोडं पॅडवर. परीक्षा संपली की पुन्हा पूर्ण. पूर्ण वर्ष सोडलेली मुलगी परत येते तेव्हा अंग वेगळंच झालेलं असतं, वजन आणि उंची दोन्ही बदललेली. तिच्याबरोबरच्या मुली पुढं गेलेल्या बघून ती आठ दिवसांत सोडते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत जावा लागतो. मुख्याध्यापकांना डिसेंबरातच आठवण करा. शाळेला खेळाचं सोडून बाकी सगळं आठवतं.

खरी गळती त्यापुढं आहे. १९ वर्षांखालच्या गटात आपल्या जिल्ह्यांत मुली दिसेनाशा होतात. कोणाचं लग्न ठरतं, कोणी घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाते, कोणी नर्सिंगला लागते. ज्या वयात खेळाडू पिकतो त्याच वयात तिला खेळायला कोणी उरत नाही. टोकियोच्या अंतिम फेरीत पानिपाकसमोर स्पेनची आद्रियाना सेरेझो होती, वय १७. पानिपाक जिंकली ती ११-१० अशी, तीही शेवटच्या काही सेकंदांत. सतराव्या वर्षी तिथवर पोचलेली मुलगी किती बाउट खेळून आली असेल याचा विचार करा. म्हणून अकरावीला कॉलेज निवडताना, अभ्यासाच्या जोडीनं, त्या शहरात दहा-बारा मोठ्या मुली रोज खेळतात का हे बघा. सेलूतच ठेवायची असेल तर निदान सुट्ट्यांत संभाजीनगरला किंवा पुण्याला नातेवाइकांकडं ठेवून सराव करता येतो का, ते आतापासून मनात ठेवा. पुढं विद्यापीठाचा रस्ता उघडतो. सेलू परभणी जिल्ह्यात, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. माझ्या मते आपल्या भागातल्या मुलीला सगळ्यात जास्त दर्जेदार बाउट या टप्प्यात मिळतात, आणि नेमक्या याच टप्प्याआधी तिला घरी बसवलं जातं.

कागदांचं नीट ऐका, यात फार पोरी फसल्यात. आपल्या देशात या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचा वाद जुना आहे. एकापेक्षा जास्त संघटना आम्हीच खऱ्या म्हणतात, कोर्टकचेऱ्या झाल्या, मान्यता इकडून तिकडं गेली. पालकाला त्यात पडायचं कारण नाही. एवढंच बघा की ज्या वर्षी स्पर्धा झाली त्या वर्षी ती घेणाऱ्या संघटनेला केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची आणि राज्यात मान्यता होती का. शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांचे कागद त्या मानानं भक्कम, म्हणून त्यांना पहिला मान द्या. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष जुलै २०१६ च्या शासन निर्णयात दिलेत. वरच्या पदाला वरच्या पातळीचं पदक, असा सगळा हिशेब. अर्ज करण्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून ती कडक झालीय आणि व्हायलाच हवी होती. स्पर्धेचं पत्रक, ड्रॉ, निकालपत्रक, प्रवेशिका, सगळ्याच्या झेरॉक्स त्या-त्या दिवशीच फाईलला लावा. दहा वर्षांनी ते कोणाकडं मिळत नाही.

आणि ते ‘आंतरराष्ट्रीय’ पदक. पैसे भरा, नेपाळला किंवा गोव्याला चला, चार देशांचे झेंडे, गळ्यात सुवर्ण, गावात बॅनर. त्याला नोकरीत किंमत नाही आणि खेळातही नाही, कारण तिथंही एका गटात तीनच मुली असतात. तेवढ्या पैशात वर्षभराचे रविवार निघतात. तसंच दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि फी. ब्लॅक बेल्टचं सोलच्या कुक्कीवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाचं, प्रमाणपत्र पुढं आंतरराष्ट्रीय स्पर्धांना लागतं, तेव्हा तो खर्च करावा. मधल्या पट्ट्यांचा रंग सावकाश बदलला तरी काही बिघडत नाही.

किती पुढं जाईल? खरं सांगायचं तर २०२४ च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकच्या तायक्वांदोत भारतातून एकही खेळाडू, मुलगा किंवा मुलगी, पात्र ठरला नव्हता. आशियातून पात्रता फेरीत एका वजनगटातून दोघींनाच जागा मिळते आणि समोर कोरिया, चीन, थायलंड, इराण, उझबेकिस्तान. क्रमवारीनं जायचं तर परदेशातल्या गुणांकित स्पर्धा खेळत फिरावं लागतं, ते घरच्या पैशानं होत नाही. पॅरालिंपिकला मात्र हरियाणाची अरुणा तंवर टोकियोलाही गेली आणि पॅरिसलाही. तुमच्या ओळखीत हाताला जन्मतः व्यंग असलेली मुलगी असेल तर तिच्या आईला हे जरूर सांगा. पॅरा गटात डोक्यावर किक मारायला बंदी असते, त्यामुळं घरचे तेवढे घाबरत नाहीत. आणखी एक वाट पूमसेची, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकटीनं करून दाखवायच्या. २०१८ च्या आशियाई खेळांपासून तिथंही पदकं आहेत, आणि अरुणाचलच्या रूपा बायोरनं २०२४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पूमसेत कांस्य मिळवलं. पूमसेला समोर प्रतिस्पर्धी लागत नाही, आरसा आणि चांगला शिक्षक लागतो. आपल्या भागासाठी हे खरं तर सोयीचं, पण ‘नाच आहे तो’ म्हणून आपले शिक्षक तिकडं वळत नाहीत. मुलगी स्वभावानं मारामारीची नसेल तर हा विचार करा.

तुमच्यासारख्या घरातल्या मुलीसाठी खऱ्या अर्थानं हाताशी येणारं म्हणजे राष्ट्रीय शालेय, मग आंतरविद्यापीठ, मग खेळाडू कोट्यातून पोलीस किंवा केंद्रीय दल. सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्या खेळाडू भरतीत तायक्वांदो आलेला आहे आणि जागा बऱ्याचदा वजनगटानुसार असतात. तिथं गेल्यावर पगार चालू, सराव चालू, पोलीस स्पर्धा चालू. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी जास्त जणी अशाच वाटेनं उभ्या राहिल्या, काही बी.पी.एड. करून शिक्षिका झाल्या. याची खात्री मी देत नाही. पण बाउट खेळलेली मुलगी ट्रायलला टिकते आणि बाय मिळून सुवर्ण मिळवलेली तिथं पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येते, हे नक्की.

खर्चाला मी एकच रेघ मारून देते : कर्ज काढून काही करायचं नाही. फी, साहित्य, वर्षात तीन-चार चांगल्या स्पर्धांचा प्रवास, यापलीकडं कोणी मागितलं तर कारण विचारा. शालेय संघाचा राज्याबाहेरचा खर्च कोण देतं हे क्रीडा कार्यालयात जाऊन विचारायचं, सरांच्या तोंडून ऐकायचं नाही.

सुरक्षेचं शेवटी लिहितेय म्हणून हलकं समजू नका. मुलींच्या टीमसोबत बाई मॅनेजर नसेल तर पोर पाठवायची नाही, स्पर्धा कितीही मोठी असो. राहायची खोली, वजनाची खोली, दोन्हीकडं बाई. मुलींचं वजन बाईनंच घ्यायचं. स्ट्रेचिंगला हात लावण्याआधी सांगून लावायचा, आणि दार उघडं. शिक्षकानं मुलीला एकटीला रात्री मेसेज करायचे नाहीत, सगळं पालकांच्या ग्रुपवर. चांगल्या शिक्षकाला या नियमांचा राग येत नाही, उलट त्याचंही रक्षण होतं. ज्याला राग येतो त्याच्याकडून पोर काढा, मग तो कितीही पदकं आणून देत असो.

आता लगेच काय करायचं ते. पुढचा सीझन जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होईल. त्याआधी रक्त तपासा, वही घाला, आणि जालना-परतूरच्या दोन पालकांना फोन करून एक रविवार ठरवा. मग सरांना भेटा. बोलताना आधी रविवारचा विषय काढा, वजनाचा नंतर. पाच-सहा बाउट खेळताना मुलीला बघितलं की सरांनाच कळेल तिला कुठल्या गटात ठेवायचं, तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. तरीही ते वजनावर अडून बसले तर मला कळवा, मी बोलते त्यांच्याशी.